बाकी ठीक

वर्गात ‘रेडिओ’ म्हणून गाजलेली ती मुलगी दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून मुकाट बसली होती. शेजारच्या बाकावर एक काका होते, आणि दृष्टी नसलेल्या काकू. त्या बोलू लागल्या, तशी मुलगी आपली दाढ विसरली.

“अहो, कॉम्प्युटर आता मला सगळं वाचून दाखवतो. काल लेकाच्या जुन्या मेल ऐकल्या.”

“सगळ्या?”

“तीन वर्षांच्या. प्रत्येकीत तेच, ‘तब्येतीला जप. बाकी ठीक.’ तुम्ही तर पानंच्या पानं वाचायचात!”

“मशीनच ते, गाळत असेल काहीबाही.”

“स्वल्पविरामसुद्धा गाळत नाही ते.”

“अगं, तू आठवडाभर वाट बघायचीस. एवढंसं वाचून तुझा चेहरा बघवायचा नाही.”

“म्हणून थापा?”

“थापाच. आता माझं वाचन बंद ना?”

“ते नंतर. ‘आई, तुझ्या हाकेशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही’, हे कोणाचं?”

काका चष्मा पुसत बसले.

“अहो, विचारतेय मी.”

“माझंच.”

“मग पुढची मेलही तुम्हीच वाचा. मशीनचं ऐकून झाल्यावर.”