लाल कोणत्या हाताला

लेक : बाबा, तुमचा वर्ग सुटून अर्धा तास झाला. फळा पुसून झाला, तक्ते गुंडाळून झाले. आता तरी बोला.

मास्तर : बोललो की. नाही म्हणालो.

लेक : नाही म्हणायला काय लागतं? उद्या अकराला बोटीच्या अपघाताची चौकशी आहे. अधिकारी आधी तुमच्या जावयाला विचारतील, मग तुम्हाला विचारतील. तुम्ही एवढंच म्हणायचं, की त्या खडकांपाशी लाल बोया कधी कधी सरकतो. तुमच्या शब्दाला किंमत आहे.

मास्तर : म्हणूनच जपून वापरायचा. तो बोया सरकत नाही.

लेक : पुरातसुद्धा?

मास्तर : पुरातसुद्धा. बोया वर तरंगतो, पण तळाला दीड टनाचं वजन आहे, त्याला साखळी. गाळ असता तर सरकलाही असता, पण तिथं खडक आहे. मी बंदराच्या नोकरीत असताना बुटक्यानं आणि मी मिळून टाकलंय ते वजन. तू दुसरीत होतीस.

लेक : बुटक्याकाकांचं असं काय जाणार आहे? फार तर ठपका येईल.

मास्तर : अपघाताच्या आदल्या दिवशी लाँच घेऊन एकेक बोया तपासून आलाय तो. चौतीस वर्षं हेच केलं. दोन वर्षांनी सुटायचाय नोकरीतून. आता उरलेला जन्म त्यानं काय समजून काढायचा? आपल्या हलगर्जीपणानं मास्तरांची बायको गेली? हे तुझं ‘फार तर’?

लेक : आणि माझा नवरा आत गेला तर? सातवा महिना लागलाय मला.

मास्तर : ठाऊक आहे. कुठंय तो?

लेक : जिन्यात उभा आहे. तुमच्यासमोर यायचा धीर होत नाही त्याला.

मास्तर : सासूला बोटीत घालून न्यायचा बरा झाला होता. बोलाव त्याला.

(जावई आत येतो. उजवा हात गळ्यात बांधलेला. मागच्या बाकाशी थबकतो.)

मास्तर : तिथं नको, पुढं या. मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी माझं पुरेसं नुकसान केलंय.

जावई : बाबा, मी काय मुद्दाम केलं का? साहेब आणि त्यांच्या मिसेस यायच्या होत्या, हिला डॉक्टरांनी मनाई केलेली. आईच म्हणाल्या, जन्मभर ह्यांच्या तोंडून बोये ऐकले, एकदा बोटीत बसून बघते तरी. मी नको कसं म्हणणार?

मास्तर : त्यात तुमचा दोष नाही. निघताना मलाही तेच म्हणाली ती. उद्या काय सांगणार, ते बोला.

जावई : घडलं तेच. लख्ख ऊन होतं, वेग बेताचा. धक्का सोडला आणि बाहेर समुद्राकडे निघालो. तुम्ही शिकवलं होतं तसा लाल बोया डाव्या हाताला ठेवला. तरी बोट खडकावर चढली, आई पुढं फेकल्या गेल्या, डोकं कठड्यावर आपटलं. म्हणजे बोयाच जागेवर नव्हता.

मास्तर : लाल डाव्या हाताला.

जावई : हो.

मास्तर : बाहेर जाताना.

जावई : हो, बाहेर जाताना. चुकलं का काही?

मास्तर : आत येताना लाल डावीकडे. बाहेर पडताना उजवीकडे. बोया तोच, वाट तीच, तोंड तुमचं फिरलेलं असतं. तुम्ही खोल पाणी सोडलंत आणि बोया नि किनारा यांच्या मधून घुसलात. ओहोटीला तिथं गुडघाभर पाणी असतं.

लेक : बरं झालं, इथंच कळलं. ऐकलंस ना? उद्या उजवीकडे म्हण. लाल उजव्या हाताला होता आणि तरी आपटलो, असं सांग.

मास्तर : शाब्बास. महिनाभरात मला जमलं नाही ते तू एका दमात शिकवलंस.

लेक : टोमणे मारायची वेळ आहे का ही?

मास्तर : टोमणा मी मलाच मारतोय. तोंडी परीक्षेत दहा प्रश्न विचारायचे असतात. ह्यांना मी एकच विचारला. आत येताना लाल कुठे? उरलेल्या नऊ रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि सही ठोकली.

जावई : का पण?

मास्तर : तिला विचारा.

लेक : मी फोन केला होता बाबांना. शनिवारी तुझे साहेब यायचे होते आणि लायसन हातात नव्हतं. म्हटलं, घरचाच माणूस आहे, कशाला एवढं ताणता.

जावई : तू मला बोलली नाहीस.

लेक : काय बोलणार होते?

जावई : मला वाटलं, मला येतंय. म्हणून बाबांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

लेक : बाबा, हे सहीचं उद्या निघालं तर वर्ग बंद होईल तुमचा.

मास्तर : निघायची वाट कशाला बघायची? मीच सांगणार आहे. बोया जागेवर होता आणि ह्या माणसाची परीक्षा मी घेतलीच नव्हती. दोन वाक्यं.

लेक : आणि माझा फोन?

मास्तर : तो नाही सांगणार.

लेक : उपकार नकोत मला.

मास्तर : उपकार कसले? सही माझी होती. त्या दिवशी फोनवर नाही म्हणायला हवं होतं, ते आज म्हणतोय. उशीर झालाय, मला कळतं. पण बुटक्याला तरी पुरेल.

लेक : परका माणूस तुम्हाला जवळचा झाला. मला माहेर उरणार नाही, बाबा, हे लक्षात ठेवा.

मास्तर : ते तुझी आई होती तोवर होतं. मी एकटा म्हणजे काय माहेर? चार खुर्च्या आणि एक म्हातारा.

लेक : एक विचारू?

मास्तर : विचार.

लेक : आईला ह्या खुणा येत होत्या ना?

मास्तर : झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. वर्गाचे तक्ते कोण रंगवायचं? पिवळ्या-काळ्या बोयांच्या डोक्यावरचे सुळके माझ्या हातून एकदा उलटे निघाले, तर आठवडाभर हसत होती.

लेक : मग बोट चुकीच्या अंगाला चाललीय हे तिला दिसलं असणार. ती गप्प कशी बसली?

मास्तर : सोळा दिवस हेच घेऊन बसलोय मी. पाहुण्यांसमोर संकोचली असेल. नाहीतर गप्पांत लक्ष नसेल तिचं.

जावई : लक्ष होतं त्यांचं.

लेक : म्हणजे?

जावई : गप्प नव्हत्या बसल्या. दोनदा सांगितलं मला. पहिल्यांदा हळूच, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. लाल उजवीकडे घ्या, म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा तेच.

मास्तर : आणि तुम्ही?

जावई : साहेब वळून बघत होते, बाबा. मी हसलो. म्हटलं, आई, परीक्षा मी पास झालोय, तीही बाबांच्या हातून.

लेक : मग?

जावई : मग त्यांनी हात काढून घेतला.