रेघेचा रंग

दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर ही इमारत उभारणारे दोघे बसले होते, म्हातारा फिटर आणि इंजिनिअर बाई.

"मॅडम, छताच्या त्या लोखंडी तुळईच्या बोल्टांवरच्या रेघा माझ्या. नट आवळला की नट आणि प्लेट मिळून एक सरळ रेघ मारायची. नट फिरला तर रेघ तुटते."

"सगळ्या सरळच आहेत की, मामा."

"मघाशी स्टुलावर चढलो, तर तुळईच्या जोडाच्या फटीत बोट गेलं."

"बोट? जोड अगदी ताठ नसतो, वजनाने थोडा वळणार हे मी हिशेबात धरलं होतं. पण केसाएवढा."

"मग रेघेला हात लावला. हे बघा, बोटाला ओला रंग लागला."

"रेघा मारल्या कधी तुम्ही?"

"अकरा वर्षं झाली."