अल्पशा आजाराने

कारकून : ‘अल्पशा’ लिहू का ‘दीर्घ’? एवढंच सांगा बाई. मागे माणसं खोळंबलीत.

वहिनी : मागे कोणी नाही. मी बघितलं.

कारकून : आत्ता नसतील. येतील. माणसं मरायची थांबतात का? निधनाचं पान साडेपाचला बंद होतं आणि पाच वाजून गेलेत.

दीर : ‘अल्पशा’ लिहा हो तुम्ही. ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ सगळे तेच लिहितात.

वहिनी : भावजी, तुमचा दादा चार वर्षं खोकत होता. शेवटचे सात महिने नाकात नळी. यात अल्पसं काय होतं? आमची झोप?

कारकून : बरं, मग ‘दीर्घ’ करतो.

वहिनी : दीर्घ कसला आजार?

कारकून : कसला ते नाही लिहीत.

वहिनी : का नाही लिहीत?

कारकून : का म्हणजे… फॉर्मवर जागा नको? हे बघा. चार चौकटी आहेत. वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, अपघाती. एकीवर खूण करायची, की झालं.

वहिनी : आणि ही पाचवी?

कारकून : ती ‘इतर’. ती आपली असते. बावीस वर्षं या खिडकीत बसतोय, तिच्यावर कोणी खूण केलेली आठवत नाही.

वहिनी : तिच्यावर करा. आणि पुढे लिहा, सिगारेट ओढून मेले.

दीर : वहिनी!

कारकून : बाई, दुःखात माणूस काहीही बोलतो. पाणी देऊ का?

वहिनी : पाणी नको. लिहा.

दीर : अहो, ऐकू नका त्यांचं. कालपासून पोटात अन्न नाही त्यांच्या. वहिनी, चला, तिकडे बाकावर बसा. मी देतो लिहून.

वहिनी : तुम्ही काय लिहून देणार ते ठाऊक आहे. काल हॉस्पिटलच्या दारात तुम्ही तुमच्या डेपोतल्या वेल्डरला काय सांगत होतात? वर्कशॉपच्या धुळीने गेला म्हणून?

दीर : मग धूळ नव्हती? दादा तीस वर्षं ब्रेक बसवत होता. ब्रेकची धूळ काय कमी असते?

वहिनी : तीच धूळ स्टोअरच्या म्हाताऱ्याने खाल्ली, सिगारेटला न शिवता. चाळीस वर्षं. काल प्रेताला खांदा द्यायला तो दोन जिने चढून आला आणि तुम्ही सगळे तरणेबांड पहिल्या जिन्यावर कठडा धरून उभे. बघितलं मी.

कारकून : डेपोतले का हे? बसच्या?

वहिनी : हो. ब्रेक फिटर. आणि हे माझे दीर, टायर सेक्शनला. गेटवरच्या टपरीपाशी सात जणांचा अड्डा. आता सहा राहिले.

दीर : चारचौघांत काढायची गोष्ट आहे का ही?

वहिनी : चारचौघांतच काढायला आलेय. म्हणून तर पेपरात द्यायचंय.

कारकून : बाई, एक विचारू? रागावू नका. हे सगळ्यांना माहीत असतंच की. पाकिटावर एवढा मोठा फोटो असतो. सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगतात. आता लहान पोरंसुद्धा सांगतील. तुम्ही आणखी छापून नवीन काय होणार?

वहिनी : सिनेमात ते सांगतात तेव्हा तुम्ही कुठे असता?

कारकून : मी? …बाहेर. उशीर होतोच ना जरा.

वहिनी : आमचे तेवढ्यात एक ओढून यायचे. आणि पाकिटावरचा फोटो? विचारा यांना, टपरीवर काय चालतं.

दीर : मस्करी असते ती.

वहिनी : सांगा ना मस्करी.

दीर : अहो, ते… फोटो वेगवेगळे असतात. कोणाचा घसा, कोणाची छाती. तर दादा म्हणायचा टपरीवाल्याला, घशावाला नको रे, आज घसा दुखतोय. छातीवाला दे.

कारकून : (हसू दाबत) माफ करा.

वहिनी : हसा. मीही हसायचे. त्या फोटोतल्या माणसाला कोणी ओळखत नाही, साहेब. तो कुठला कोण. आपला नव्हे. यांच्या सहा जणांना वाटतं, तो फोटोतलाच माणूस सगळ्यांच्या वाटचं मरून गेलाय.

कारकून : साहेब नका म्हणू. साहेब वर बसतात, पंख्याखाली. आमचा पंखा मार्चपासून बंद आहे.

वहिनी : पण निधनाचं पान वाचतात ते. सहाच्या सहा. सकाळी गेटवर पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

कारकून : सगळेच आधी तेच उघडतात. आपलं नाव नाही ना ते बघून घ्यायचं आणि मग चहा मागवायचा.

वहिनी : म्हणून म्हणते. तिथे यांचा फोटो येणार, रोज ज्याच्याकडे आगपेटी मागितली त्याचा. खाली काय लिहिलेलं असणार? अल्पशा आजाराने. मग म्हणणार, बघ, चांगला होता बिचारा, काय झालं कोणास ठाऊक. नशीब! आणि त्या नशिबावर एकेक पेटवणार.

दीर : लोक काय म्हणतील ते सोडा. पोरगी आहे घरात. उद्या तिला लोक म्हणतील, हिचा बाप व्यसनाने मेला.

वहिनी : बाप व्यसनाने मरणार हे पोरीलाच पहिल्यांदा कळलं, भावजी. सातवीत होती. वहीत लिहून आणलं होतं तिने, शाळेत कोणी डॉक्टर येऊन सांगून गेला म्हणून. बापाने वही वाचली. म्हणाला, अक्षर छान आहे.

कारकून : डॉक्टर म्हणालात म्हणून आठवलं. ‘इतर’वर खूण करायची तर डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. नियम आहे. दाखल्यात काय लिहिलंय?

वहिनी : हा घ्या.

कारकून : ‘हृदयक्रिया बंद पडल्याने.’ बस?

वहिनी : बस.

कारकून : बाई, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. माझीही पडेल, वरच्या साहेबांचीही पडेल. हे कारण झालं?

वहिनी : मीही तेच म्हटलं डॉक्टरला. तर म्हणाला, असंच लिहायची पद्धत आहे, सोपं जातं तुम्हाला. त्याच्या कोटाला वास येत होता. कसला ते सांगत नाही.

कारकून : मग मला नाही करता येणार. दाखल्यात नाही ते मी छापलं तर उद्या कोणीही येऊन काहीही छापून घेईल. सुनेने मारलं, मेहुण्याने मारलं.

वहिनी : दुसरा काहीच उपाय नाही?

कारकून : आहे एक. मृताच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणी तरी सही करून लिहून द्यायचं की हे खरं आहे. बायको चालत नाही. सख्खा भाऊ, मुलगा, असं.

वहिनी : भाऊ आहे की इथे.

दीर : मी नाही करणार.

वहिनी : का?

दीर : दादाच्या नावाला काळं फासायला मला सांगू नका. वाटेल ते सांगा, पण हे नका सांगू. ज्याने मला कामाला लावलं, बोट धरून गेटमधून आत नेलं…

वहिनी : आणि गेटबाहेर आणून पहिली शिलगावून दिली. आठवतं मला. घरी येऊन हसत सांगितलं होतं, आज धाकट्याला माणसात आणला.

दीर : वहिनी, पुरे.

वहिनी : पुरे कसं? तुमची खोली आमच्या भिंतीला लागून आहे. पहाटे तुम्ही खोकता ते मला ऐकू येतं. यांचा पहिल्या वर्षीचा खोकला अगदी असाच होता. आधी कोरडा, मग जरा थांबून तीन वेळा. परका असता तर ओळखला नसता मी.

दीर : थंडीचा आहे तो.

वहिनी : यांचाही थंडीचाच होता. भर उन्हाळ्यात.

कारकून : पाच वीस झाले. काय ते ठरवा.

दीर : तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? मी का सही करत नाही ते तुम्हाला माहीत नाही, वहिनी. सांगून टाकू? दादा वॉर्डात होता ना, तेव्हा मी… मी नेऊन द्यायचो. मोज्यात घालून. रोज दोन. तो हात जोडायचा हो. मोठा भाऊ हात जोडतो म्हटल्यावर काय करायचं माणसाने? आता सही करून लिहून देऊ, की सिगारेटने मेला? मग ती दिली कोणी, हे कोण लिहिणार? तेही छापा मग. त्यालाही चौकट काढा एक.

वहिनी : मला माहीत होतं.

दीर : काय माहीत होतं?

वहिनी : मोज्याचं. साबणाच्या डबीत राख सापडायची. तुम्ही गेलात की मी खिडकी उघडायचे, नर्सला वास येऊ नये म्हणून. टॉवेल हलवून धूर बाहेर घालवायचे.

दीर : तुम्ही? मग बोलला का नाहीत?

वहिनी : ओढली की तासभर शांत पडायचे. मला तेवढाच डोळा लागायचा. काय बोलायचं होतं मी? …तुमचा मोजा, माझी खिडकी. आता कोणाच्या नावाने लपवायचं, भावजी? दादाच्या?

कारकून : …माझ्या सासऱ्यांचा घसा काढला होता.

वहिनी : काय?

कारकून : काही नाही. शेवटी पाटीवर लिहून बोलायचे. त्यांची बातमी मीच लिहिली, याच टेबलावर. ‘अल्पशा आजाराने.’ हात आपोआप तेच लिहितो हो. …‘आण रे तो सहीचा फॉर्म’ म्हणायला इथे दुसरं कोणी नाही, मीच उठतो. हा घ्या. सही खाली, डाव्या बाजूला.

दीर : पेन द्या.

वहिनी : भावजी…

दीर : काही बोलू नका. कुठे, इथे?

कारकून : तिथेच. आणि नातं लिहा. ‘सख्खा धाकटा भाऊ.’ हां. आता थांबा, वर विचारावं लागेल. ‘इतर’ आहे ना. …हॅलो, खिडकीतून बोलतोय. एक निधन आहे, ‘इतर’मध्ये. …हो, खूण केली. …नाही, खून नाही, खूण. …सिगारेट. …हो, तसंच म्हणतायत. …सही आहे, भावाची. …पण त्यात कंपनीचं नाव कुठे घेतलंय? …हो, शर्टांची जाहिरात माहीत आहे मला. …बरं. …बरं, विचारतो.

वहिनी : शर्टांचा काय संबंध?

कारकून : पहिल्या पानावर अर्धं पान शर्ट असतात ना, ते त्याच कंपनीचे. सिगारेटची जाहिरात करता येत नाही, तर नाव तेच, रंग तोच आणि माल म्हणून शर्ट. …साहेब म्हणतात, देऊ. पण ‘सिगारेट’ नको. ‘धूम्रपानामुळे’ चालेल. शब्द बरा आहे, अर्थ तोच.

दीर : करा मग तसं. चांगलं वाटतं.

वहिनी : नाही.

कारकून : आता काय झालं?

वहिनी : आमच्या यांनी धूम्रपान कधी केलं नाही.

कारकून : अहो बाई!

वहिनी : खरंच सांगते. विचारा यांना. तीस वर्षांत गेटवर कोणी म्हणालं का, चल रे, धूम्रपान करू? सिगारेट ओढायचे ते. काडी मारायचे. झुरका मारायचे. धूम्रपान सरकारी भिंतीवर असतं, निषेधाच्या पाटीवर, आणि त्याच पाटीला टेकून हे सगळे उभे असतात. तो शब्द वाचला की त्यांना वाटतं, दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. माझ्या नवऱ्याला त्या पाटीवर टांगू नका. रोजच्या शब्दाने मेलाय तो.

कारकून : साहेब कापतील.

वहिनी : पुन्हा विचारलंत तर.

कारकून : …न विचारता गेलं तर उद्या मला बोलावतील वर.

वहिनी : मी नाही सांगत तुम्हाला नोकरीवर उदार व्हायला. तुमचं तुम्ही बघा. पण ‘धूम्रपान’ असेल तर बातमीच नको. फोटो परत द्या.

कारकून : पाच सत्तावीस. …काय कटकट आहे. बसा. टाइप करतो. वाचतो, ऐका. नाव बरोबर आहे, ते वाचत नाही. ‘बस डेपोच्या वर्कशॉपमधील ब्रेक फिटर, वय बावन्न, यांचे सिगारेट ओढून ओढून…’ दोनदा ‘ओढून’ ठेवू?

वहिनी : ठेवा. एकदाने काही झालं नाही त्यांना.

कारकून : पुढे काय? निधन झाले का मेले?

वहिनी : निधन राहू दे. तेवढा मान त्यांचा.

कारकून : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, भाऊ.’ भावाचं नाव घालू ना?

दीर : घाला.

कारकून : झालं. गेलं खाली छपाईला. आता माझ्याही हातात नाही.

दीर : वहिनी, तुम्ही पावती घ्या. मी आलोच जरा खाली जाऊन.

वहिनी : बरं.

कारकून : …बाई, ही पावती. आणि… खिडकीतून बघा जरा. तुमचे दीर, आमच्या गेटपाशी. आगपेटी काढलीय.

वहिनी : बघितलं.

कारकून : आत्ता सही केली हो त्यांनी! रडवेले झाले होते. मग छापून उपयोग काय?

वहिनी : छापा तुम्ही. आमच्याकडे सकाळचा पेपर तेच आणतात.