पिवळं पान

२००६च्या उन्हाळ्यात निधी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका नर्सरीत कढीपत्त्याचं रोप घेऊन रांगेत उभी होती. पुढचे काका-काकू मराठीत बोलत होते. काकूंच्या डोक्याला स्कार्फ होता, काकांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं पान.

“अहो, सारखी पिशवी काय हलवताय?”

“खालची सगळी पानं पिवळी पडलीत, सुवर्णा. नायट्रोजन कमी पडत असणार. परवा खत घातलं, तरी तेच.”

“आणि पाणी? सकाळपासून तीनदा घातलंत.”

“मग नुसता बघत बसू? केमोनंतर तुझ्या पोटात दोन घास टिकतात ते त्याच्यामुळे. ते मेलं तर?”

“डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसरं आणू.”

“हळू बोल! महाराष्ट्र मंडळातलं कुणी असलं तर?”

निधीने मान खाली घातली.

“असू दे. चोरी केलीय का आपण?”

“मी टोमॅटो म्हणून सांगतो.”

“म्हणजे टोमॅटोचं औषध घालून माराल.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, “कसलं झाड आहे, सर?”

“टो... म्हणजे, ते...”

काकूंनी पिशवी काढून घेतली आणि काउंटरवर ठेवली.

“गांजाचं. माझ्यासाठी आहे.”

मुलीने पान उलटसुलट करून पाहिलं.

“कुंडीतली माती कायम ओली असते का?”

“चिखल असतो,” काकू म्हणाल्या.

“मग मुळं गुदमरलीत. खत नको. माती सुकेपर्यंत झाडाला हात लावू नका.”

काका काकूंकडे वळले.

“हात लावू नका? मग तोवर मी करू काय?”

“माझ्यापाशी बसा.”