उलटे बसलेले शॉकप

हे बाहेर सांगू नकोस, असं माझ्या वडिलांनी, आबांनी मला बजावलं होतं. पण तुम्ही मैत्रिणीच आहात.

आमच्या जुन्या जीपचे मागचे दोन्ही शॉकप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, गेले होते. खड्डा आला की डोकं टपाला आपटायचं. थोरले चुलते तात्या म्हणाले, "नवे शॉकप आण, न्हाईतर जीप इकून टाक."

आबा लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. "नवे कशाला? ह्येच खोलून नीट करतो," ते म्हणाले. त्यांनी रबरी सील बदलली, तेल भरलं, शॉकप परत बसवले. तरी जीप आणखीच उडायला लागली.

"झालं समाधान? उद्या गिऱ्हाईक आणतो," तात्या हसले.

आबांचा चेहरा उतरला. मी वाकून पाहिलं. पुढच्या शॉकपची धूळ अडवणारी जाड नळी वर होती, मागच्यांची खाली.

"आबा, मागचे उलटे बसलेत का?" मी हळूच विचारलं.

आबांनी ते गुपचूप सुलटे केले. मग काकू जीपमधून दुधाची कळशी मांडीवर घेऊन वडूजहून औंधला गेल्या. थेंबही सांडला नाही.

"लय भारी रं! आता जीप इकायची न्हाई!" तात्या ओरडले.

आबांनी पान्हा माझ्या हातात दिला. "पुढचे शॉकप आता ही पोरगी खोलंल."

मग मी खरंच जीपखाली शिरले, पहिला बोल्ट फिरवला आणि… थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई!