सुगंधाबाईंचा उजवा गाल

खरं सांगते, मला वाटलं होतं की पडद्यावर स्वतःचा चेहरा बघून सुगंधाबाई आनंदानं रडतील. कृत्रिम अवयव बनवायला शिकून गडचिरोलीला परत आल्यावरचं माझं हे पहिलंच काम. मोहफुलं वेचताना अस्वलानं त्यांचा उजवा गाल फाडला होता. मी मापासाठी त्यांच्या चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू मोजून संगणकात नोंदवले. उजवीकडे फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून डाव्या गालाचे बिंदू आरशातल्यासारखे उलटवून तिथे बसवले आणि कॅड या आरेखनाच्या प्रणालीत त्यांवर गुळगुळीत, गोलसर गाल तयार केला. त्यावरून सिलिकॉनचा गाल बनणार होता.

"बघा, तुमचा चेहरा!"

त्या बघतच राहिल्या. "हे मी नाई. हे तं कमली होय."

"कमली कोण?"

त्यांचा नवरा मान खाली घालून म्हणाला, "लहान बहीण, मॅडम. दोघी संगंच गेल्या होत्या मोहावर. हे एकटीच वापस आली."

मी घाईघाईनं म्हटलं, "होईल हो सवय."

"मले होईन," सुगंधाबाई म्हणाल्या. "पन घरी माय हाय. तिले काय सांगू, कोन आली म्हनून?"

मग तुम्हाला काय हवंय, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

"जेवताना गालातून भात सांडते. बाया बाजूले सरकतेत. तेवढं बंद करून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उलटवलेले सगळे बिंदू पुसून टाकले. जखमेच्या कडेचे तेवढे ठेवले आणि त्यांवर भोक बुजेल एवढंच झाकण बसवलं. ते कुणासारखंच दिसत नव्हतं.