श्रावणातली रेघ

…नाही, पण मला एक सांगा, गोळी गिळणाऱ्या माणसाला 'गोळी गिळली का' हे किती वेळा विचारावं? डॉक्टर विचारतात, नर्स विचारते, रक्त काढणारा तर सुई टोचता टोचता विचारतो, म्हणजे हात त्याच्या हातात असताना खोटं बोलायची सोयच नाही! आणि घरी आलो की आमची रंभा, म्हणजे आमचं कुटुंब, छत्तीस वर्षं संसार केलाय माझ्याबरोबर, ती मला म्हणते, "आ करा." आ करा! निवृत्त हेडक्लार्क मी, कमळाकर घरत, मूळचा गव्हाणचा, हल्ली मुक्काम नवीन पनवेल, मी आपला आ करतो. "जीभ वर करा." करतो. "गालात दडवली नाय ना?" अहो, गोळी आहे का सुपारी?

तुम्हाला सांगतो, चार वर्षांपूर्वी माझ्या हृदयातली झडप बदलली. धातूची बसवली. टिकटिक वाजते. हसू नका, खरंच वाजते, पाहुणे येतात आणि भिंतीवर घड्याळ शोधत बसतात! आणि नुसती झडप नाही, हृदयाचा वरचा कप्पा म्हणे नीट ठोके देईना, नुसता थरथरायचा, एक ठोका आत्ता, दुसरा मर्जी असेल तेव्हा… मग त्याच ऑपरेशनात त्या कप्प्यालाही आतून चटके देऊन वळणावर आणलं. आता अशा माणसाच्या रक्तात गुठळी व्हायची भीती, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, जन्मभर! दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. वर गेला तर नाकातून रक्त, आणि खाली गेला तर गुठळी, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं. एवढंच! बाकी मजेत राहायचं, टेन्शन घ्यायचं नाही!

तर आमचे डॉक्टर विश्वजीत. पुण्याचे. बोलणं इतकं गोड की ओरडले तरी माणूस 'थँक्यू' म्हणून बाहेर पडतो. ते म्हणाले, "घरतकाका, आम्ही एक अभ्यास करतोय. अशी शस्त्रक्रिया झालेल्या आणि ठोके बिघडलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं, त्याचा. पनवेल-उरण भागातले चाळीस जण. तुम्ही याल त्यात?" मी लगेच सही ठोकली! आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली लावल्या, म्हटलं, आता आपली फाईल कुणीतरी लावतंय. त्यांनी एक डायरी दिली. रोज लिहायचं. गोळी किती वाजता, छातीत धडधड झाली का, आणि शेवटचा रकाना, 'आज काय खाल्लं?'

आता तुम्हाला सांगतो, त्या रकान्यासारखा रकाना चाळीस जणांत कुणी भरला नसेल! बुधवार, बोंबील, ओले, तळलेले, चार. शुक्रवार, कोळंबी, वांगं घालून. रविवार, जिताडा, मधले तुकडे दोन, डोकं मी खाल्लं. डोक्याचीसुद्धा नोंद! आणि मग आला श्रावण. गटारी झाली, मासळी बंद. दुपारी जेवलो, हात धुतले, डायरी उघडली, पेन हातात घेतलं आणि… आता मला सांगा, मासळी नाही, मग लिहायचं काय? ताटात म्हणजे तो हिरवा पाला आणि भात. त्याला काय खाणं म्हणायचं? आमच्या गव्हाणात श्रावणात कुणालाही विचारा, 'जेवलास काय रं?' तो म्हणतो, 'कसला जेवतंय!' म्हणून मी रेघ मारली. पट्टी लावून मारली, हेडक्लार्क आहे. दुसऱ्या दिवशी रेघ. तिसऱ्या दिवशी रेघ. महिनाभर रेघा!

आणि त्या महिन्याच्या तपासणीत आकडा आला एक पॉइंट चार. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "काका, गोळ्या चुकवल्यात." मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, "होतं असं, वयोमानाने." वयोमानाने! श्रावण गेला, आकडा आपोआप जागेवर. पुढल्या वर्षी श्रावण आला, आकडा पुन्हा खाली. पुन्हा, "काका, गोळ्या." तेव्हापासून हे घरातलं 'आ करा' सुरू झालं. रंभा गोळ्या मोजायला लागली, मी तिच्यावर चिडायला लागलो, ती म्हणायची, "तुमच्यापायी नवस केलाय मी, पाच सरावन कडक पालीन म्हनून, आनि तुमी गोली फेकता?" मी म्हणायचो, अगं, कुठे फेकणार, खाली सोसायटीचा सेक्रेटरी राहतो! पण खरं सांगू? तिसऱ्या वर्षी माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. वाटायला लागलं, मी खरंच विसरत असेन का? स्वतःच आरशासमोर जाऊन आ करायचो.

आणि तिसऱ्या श्रावणात तो दिवस. सकाळी गॅलरीत चहा पीत होतो. कप हातातून पडला. पडला म्हणजे, मी धरलाच होता हो, पण बोटांनी सोडून दिला! वाकून उचलायला गेलो तर हात ऐकेना. रंभाला हाक मारली तर तोंडातून भलताच आवाज. ती आली, माझं वाकडं तोंड बघितलं, आणि जी किंचाळली… दहा मिनिटं. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं, हात, तोंड, सगळं. पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. हादरलो होतो मी. डॉक्टर म्हणाले, "ही सूचना होती. पुढच्या वेळी हात-तोंड परत जागेवर येईलच असं नाही." या वेळी आवाज गोड नव्हता.

आठ दिवसांनी आम्हाला दोघांना बोलावलं. डॉक्टरांच्या खोलीत कॉम्प्युटरवर आलेख. सगळ्या पेशंटांच्या आकड्यांच्या रेषा, आणि दर ऑगस्टला खड्डा! डॉक्टर म्हणाले, "चाळीसपैकी एकोणीस जण. एकाच महिन्यात. दर वर्षी. एकोणीस माणसं ठरवून गोळ्या विसरतात का?" मी म्हटलं, मी तीन वर्षं काय सांगतोय! मग त्यांनी माझी डायरी काढली. "आणि काका, हे काय? महिना महिना उपास? नुसत्या रेघा? अहो, हृदयाच्या पेशंटाच्या कागदावर सरळ रेघ आली की आम्ही धावत सुटतो!" म्हणजे बघा, तीन वर्षं या लोकांचा समज, मी श्रावणात उपाशी राहतो! एकोणीसच्या एकोणीस जणांच्या डायऱ्यांत रेघा. करंजाचा काशीराम कोळी, त्याने तर पट्टीसुद्धा लावली नव्हती.

मी म्हटलं, साहेब, मासळी नाही, मग लिहायचं काय?

डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी डॉक्टरांकडे बघतोय, आणि कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, अंकिता, अभ्यासाच्या कामावर महिनाभरापूर्वीच लागलेली, करंजाचीच. ती हसायला लागली आणि एकदम थांबली. म्हणाली, "सर, हे उपाशी नव्हते. आमच्याकडे मासळी नसली की जेवण धरतच नाहीत! काका, रेघ मारली त्या दिवशी ताटात होतं काय?" मी म्हटलं, काय असणार, पाला. डॉक्टर ताडकन उभे. "कसला पाला? किती? रोज?" आता हे मी सांगायच्या आधी रंभाने सांगितलं, आणि काय अभिमानाने सांगितलं! "टोपभर! ती चिंधी भाजीवाली येते कर्नाल्याकरून डोक्यावर पाटी घेऊन, टाकला, कुर्डू, माठ, शेवग्याचा पाला, जो कवला आसल तो पयला आमच्या दारात. दोन टायम घालते यांना. पाल्यानं रक्त वारतं ना, डाक्टर!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग सावकाश समजावून सांगितलं. ही गोळी रक्त पातळ करते, आणि हिरव्या पाल्यात जे असतं ते नेमकं त्या गोळीचं काम मोडून काढतं. अकरा महिने मासळी, त्या जेवणावर बेतलेली गोळी, आणि एकदम महिनाभर दोन वेळा टोपभर पाला! गोळी बिचारी करणार काय? जो पेशंट बारा महिने भाजीपालाच खातो त्याचा आकडा जागेवर. घसरलो आम्ही. जे पुण्य करायला गेलो ते!

रंभा खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाली हो. म्हणाली, "म्हंजे… मीच?" आणि पदर तोंडाला. छत्तीस वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. माझा जीव वाचावा म्हणून जी बाई पाच वर्षांचा नवस बोलली, तिनेच निवडून, धुऊन, लसणाची फोडणी देऊन… मी तिचा हात धरला. एवढी शांतता झाली की माझी झडप ऐकू यायला लागली, टिक, टिक, टिक. रंभाने डोळे पुसले, म्हणाली, "वाजते ना आजून?" म्हटलं, वाजते की! माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमचा काही दोष नाही. आम्हीच तीन वर्षं नीट विचारलं नाही. पाला बंद करायचा नाही, फक्त बाराही महिने सारखा. रोज मूठभर. जेवणात अचानक बदल नको." अचानक बदल नको! मी मनात टुणकन उडी मारली. म्हणजे श्रावणातही मासळी, वैद्यकीय कारणास्तव! मी हळूच रंभाकडे बघितलं. ती म्हणाली, "नवस मी केलाय. डाक्टरनी नाय."

आता हा चौथा श्रावण चाललाय. मासळी बंद, नवस. आणि पाला? मूठभर चालतो हे डॉक्टरांनी लिहून दिलंय, कागद फ्रीजवर लावलाय, पण रंभा ऐकते होय? "मूठ कोनाची? तुमची का डाक्टरची?" कोथिंबीर बंद! पुदिना बंद! कढीपत्ता फोडणीतून वेचून काढते! परवा चिंधी पाटी घेऊन दारात आली तर रंभा ओरडली, "आत आनू नको, तितंच उभी राव!" चिंधी बघतच राहिली, "काकी, टाकला हाय, नाग नाय!" आकडा मात्र दोन पॉइंट नऊ. डॉक्टर खूश. त्यांच्या अभ्यासात म्हणे आता प्रश्नच बदललाय, 'आज काय खाल्लं' नाही, 'आज ताटात काय काय होतं'.

आणि काल दुपारी अंकिताचा फोन. "काका, तुमच्या डायरीचा फोटो बघितला, आठ दिवस पुन्हा रेघा! काय ठरलं होतं आपलं? पाला, भाजी, चटणी, सगळं लिहायचं!" मी ताटाकडे बघितलं. भात. पांढरा. त्यावर बटाटा. म्हटलं, अगं पोरी, तीन वर्षं चुकलो मी, कबूल… पण या वेळी खरंच रेघच आहे!